चोर कोणत्या वाटेने येतो? : संगणक-सुरक्षेविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाची आहेत : परका माणूस आपल्या संगणकांपर्यंत नेमका कुठून पोहोचतो? म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका ग्रामीण पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. आमच्या तीन शाखा असून पिग्मी मोबाइल ॲपवरून गोळा होते. यंदा लेखापरीक्षकांनी ‘संस्थेचा अटॅक सरफेस कमी करावा’ असा शेरा मारला आहे. आमच्याकडे फायरवॉल आहे, अँटिव्हायरसचे पैसेही दरवर्षी भरले जातात. या शेऱ्याचा अर्थ काय आणि संचालक मंडळापुढे मी कोणता खर्च मांडावा?

उत्तर : बाहेरच्या माणसाला आपल्या संस्थेच्या संगणकांत जिथून जिथून हात घालता येतो, त्या सगळ्या जागा मिळून अटॅक सरफेस होतो. त्यात इंटरनेटवरून दिसणारा सर्व्हर येतो, राउटर येतो, संस्थेचे संकेतस्थळ येते, कर्मचाऱ्यांचे ई-मेल येतात, पिग्मी एजंटांच्या खिशातले मोबाइल येतात, सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्याला दुरुस्तीसाठी दिलेली वाट येते आणि तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाचे अजून चालू असलेले लॉगिनही येते. फायरवॉल ही यांपैकी एका वाटेवरची चौकी आहे. हिरकणीची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहेच. रायगडाचे दरवाजे बंद झाले होते, पहारे चोख होते, तरी एक आई तान्ह्या बाळासाठी कडा उतरून घरी गेली आणि त्या जागी पुढे बुरूज बांधावा लागला. पहारेकऱ्यांच्या लेखी तो कडा म्हणजे वाटच नव्हती. लेखापरीक्षकांचा शेरा अशा, कोणीच वाट म्हणून न मोजलेल्या जागांविषयी आहे.

म्हणून मंडळापुढे खरेदीचा प्रस्ताव नेण्याआधी मोजदाद करा, असा माझा आग्रह आहे. गेल्या वर्षी अशाच एका संस्थेत मी दोन दिवस हे काम केले. व्यवस्थापकांच्या खोलीत फायलींच्या कपाटावर सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, ठेवलेला होता. अध्यक्षांना घरबसल्या मोबाइलवर शाखा पाहता यावी म्हणून कॅमेरे बसवणाऱ्याने राउटरमधून त्याचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे दार, बाहेरच्या जगाला उघडून दिले होते. डीव्हीआरच्या तळाला कारखान्यातून आलेला स्टिकर जसाच्या तसा होता, त्यावर ‘ॲडमिन’ हे नाव आणि पाच आकडी पासवर्ड छापलेला होता, आणि तोच पासवर्ड चालू होता. डीव्हीआरची केबल ज्या स्विचमध्ये, म्हणजे केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीत, गेली होती, त्याच स्विचमध्ये रोखपालाच्या संगणकाची केबल होती. म्हणजे कॅमेऱ्यांच्या यंत्रात शिरलेल्या माणसाला रोखपालाच्या टेबलापर्यंत जायला मध्ये एकही दार नव्हते.

ही भीती काल्पनिक नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर असेच उघडे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधत फिरत होता. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती, ती एकामागून एक लावून पाहायची आणि दार उघडले की यंत्र ताब्यात घ्यायचे, एवढेच त्याचे तंत्र होते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या डिन या कंपनीच्या सर्व्हरवर मारा केला आणि अमेरिकेतील असंख्य लोकांना ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास मिळेनाशा झाल्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे या माऱ्यात वापरले गेले, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

त्या संस्थेत दुसरी वाट सापडली ती मुख्य सर्व्हरच्या रिमोट डेस्कटॉपची. सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्याला रात्री-अपरात्री आपल्या गावाहून काम करता यावे, म्हणून ३३८९ क्रमांकाचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवले होते. सर्व्हरची नोंद उघडून व्यवस्थापकांना दाखवली, तेव्हा दर काही सेकंदांनी कोणीतरी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या नावाने पासवर्ड लावून पाहत असल्याचे ओळीमागून ओळीत दिसत होते. हे कोणी त्या संस्थेवर डोळा ठेवून करत नव्हते. शोडानसारखी शोधयंत्रे इंटरनेटवर उघडी असलेली यंत्रे सतत नोंदवून ठेवतात आणि हल्लेखोरांची यंत्रेही तशीच गस्त घालत असतात. आपण लहान आहोत, आपल्याकडे कोण येणार, हा समज याच ठिकाणी घात करतो. त्या यंत्रांना संस्थेचे नाव दिसत नाही, उघडे पोर्ट दिसते.

तिसरी वाट जुन्या लॉगिनची. तिचे सर्वांत महागात पडलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. मे २०२१ मध्ये कलोनियल पाइपलाइन या कंपनीला सुमारे ८,८०० किलोमीटरची इंधनवाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली आणि पूर्व किनाऱ्यावरच्या पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. हल्लेखोर आत आले होते ते कंपनीच्या व्हीपीएनच्या, म्हणजे बाहेरून आतल्या जाळ्यात येण्याच्या खासगी वाटेच्या, एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. त्या खात्याचा पासवर्ड फुटलेला होता आणि पासवर्डनंतर मोबाइलवर येणाऱ्या संकेतासारखी दुसरी पायरी तिथे नव्हती. कंपनीने ७५ बिटकॉइनची खंडणी भरली. खाते वेळीच बंद करायला एक पैसाही लागला नसता.

आता आपल्या संस्थेचे. एक साधी वही घ्या. संस्थेत विजेवर चालणारी आणि केबलने किंवा वायफायने जोडलेली प्रत्येक वस्तू, प्रत्येक लॉगिन आणि बाहेरून प्रवेश असलेला प्रत्येक माणूस त्यात लिहा, आणि पुढच्या रकान्यात ते कोणाला व कशासाठी लागते ते लिहा. ज्याच्यापुढे कारण लिहिता येत नाही, ते त्याच दिवशी बंद करा. कॅमेरे आणि पाहुण्यांचे वायफाय यांचे जाळे व्यवहाराच्या संगणकांपासून वेगळे करून घ्या. अभियंत्याचा प्रवेश व्हीपीएनच्या आड न्या, त्याला दुसरी पायरी जोडा आणि काम संपल्यावर तो बंद करण्याची जबाबदारी एका नावानिशी ठरवा. पिग्मीच्या ॲपकडे विशेष लक्ष द्या. एजंट काम सोडतो तेव्हा त्याचे पुस्तक परत घेतले जाते, पण ॲपचे लॉगिन बहुधा तसेच राहते. या सगळ्यासाठी लागणारा खर्च म्हणजे जाणकार माणसाचे काही दिवसांचे मानधन आणि दोन-तीन चांगले स्विच. नवीन सुरक्षा-सॉफ्टवेअरचा प्रस्ताव यानंतर मांडावा, आधी नाही. जे आपल्याकडे आहे हेच माहीत नाही, त्याचे रक्षण कोणतेही सॉफ्टवेअर करणार नाही.

प्रश्न : मी पुण्यातील निवृत्त बँक कर्मचारी असून पस्तीस वर्षे खतावण्या सांभाळल्या. २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असे सांगण्यात आले होते. कोणत्याही खात्यात रक्कम नावे न पडता एटीएममधून रोख बाहेर कशी पडू शकते, हे कोडे मला आजही सुटलेले नाही.

उत्तर : खतावणी सांभाळलेल्या माणसालाच पडावा असा हा प्रश्न आहे, आणि उत्तरही खतावणीच्या भाषेतच चांगले सांगता येते.

आपण दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा ते यंत्र आपली शिल्लक पाहत नाही. ते एक विचारणा पाठवते. ती व्हिसा किंवा रूपेच्या जाळ्यातून आपल्या बँकेच्या ‘स्विच’पर्यंत येते. हा स्विच म्हणजे एक सर्व्हर. तो आतल्या कोअर बँकिंगला, म्हणजे खतावणी ठेवणाऱ्या मुख्य संगणकप्रणालीला, विचारतो, तिथे शिल्लक तपासून रक्कम नावे टाकली जाते आणि ‘मंजूर’ हा निरोप उलट्या वाटेने एटीएमपर्यंत जातो. नोटा बाहेर पडतात त्या या निरोपावर. निरोप देणाऱ्याने खरोखर आत जाऊन खतावणी पाहिली होती का, हे तपासण्याची सोय एटीएमजवळ नसते.

कॉसमॉसमध्ये हल्लेखोरांनी नेमका हा मधला निरोप्या बदलला. मालवेअरच्या, म्हणजे घातक प्रोग्रॅमच्या, साहाय्याने त्यांनी खऱ्या स्विचच्या जोडीला एक बनावट स्विच उभा केला. त्यांनी आधीच तयार ठेवलेल्या बनावट कार्डांची विचारणा आली की ती कोअर बँकिंगपर्यंत जातच नसे, बनावट स्विचच परस्पर ‘मंजूर’ म्हणून मोकळा होई. विचारणा आतच गेली नाही, तर नावे कुठे पडणार? पैसे गेले ते बँकेचे, कारण ‘मंजूर’ हा शब्द बँकेच्या नावाने दिला गेला होता आणि व्हिसाच्या हिशोबात तो बँकेवर बंधनकारक होता.

११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता, बँकेला सुटी होती. त्या दुपारपासून रात्रीपर्यंतच्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले आणि भारतात रूपे कार्डांवर सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी. कोल्हापुरातील एटीएमही त्यात होती. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणेतून आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यावर पाठवले गेले. एकूण ९४.४२ कोटी. एटीएममधल्या लुटीच्या आदल्याच दिवशी, म्हणजे १० ऑगस्टला, जगभर एटीएममधून मोठी लूट होण्याची शक्यता असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना दिला होता. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने या लुटीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. इथे प्रत्यक्ष एटीएमसमोर उभे राहून नोटा काढणारी माणसे मात्र आपल्याकडचीच होती, आणि २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले.

आपल्या काळात दोन वह्यांचा ताळमेळ रोज संध्याकाळी लागत असे. इथेही स्विचने मंजूर केलेले व्यवहार आणि खतावणीत नावे पडलेले व्यवहार यांचा मेळ लागतोच, पण तो दुसऱ्या दिवशी, आणि मध्ये सुटी आली तर त्याहून उशिरा लागला, तर चोराला तेवढाच वेळ मिळतो. तो मेळ मिनिटामिनिटाला लावणे आणि एका तासात परदेशातून शेकडो ‘मंजूर’ गेले की वाट आपोआप बंद होणे, हा या घटनेतून घेण्यासारखा सर्वांत थेट उपाय आहे. ३१ डिसेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी चार स्तरांची सायबर-सुरक्षा चौकट आणली. बँकेचे व्यवहार जितके अधिक डिजिटल, तितक्या तिच्यावरच्या अटी अधिक. ज्या बँकेत आपल्या ठेवी आहेत, ती यांपैकी कोणत्या स्तरात मोडते, हा प्रश्न सभासद म्हणून वार्षिक सभेत अवश्य विचारा. आपल्यासारख्याने विचारलेल्या प्रश्नाला तिथे वजन असते.

प्रश्न : माझा उरण येथे कंटेनर वाहतुकीचा व्यवसाय आहे. २०१७ च्या जूनअखेर जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम व्हायरसने थांबले होते, हे आम्हा वाहतूकदारांना चांगले आठवते. तो हल्ला युक्रेनवर होता असे नंतर वाचले. युक्रेनमधल्या हल्ल्याने न्हावा-शेव्याचे गेट कसे बंद पडते? आणि आज माझ्या कार्यालयातही हिशोबाचे, ई-वे बिलाचे, जीपीएसचे अशी चार सॉफ्टवेअर आहेत, त्यांचे काय?

उत्तर : त्या हल्ल्याला पुढे ‘नॉटपेट्या’ हे नाव मिळाले. त्याची सुरुवात हिशोबाच्या सॉफ्टवेअरपासूनच झाली होती, म्हणून आपला दुसरा प्रश्न पहिल्याशी नीट जोडलेला आहे.

युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी ‘एम. ई. डॉक’ नावाचे हिशोबाचे सॉफ्टवेअर फार मोठ्या प्रमाणात वापरले जाई. तिथे कार्यालय असलेल्या परदेशी कंपन्यांनाही ते लागे. हल्लेखोर त्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लहानशा कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरले आणि ज्या वाटेने ग्राहकांना सुधारित आवृत्ती पोहोचते, त्याच वाटेने त्यांनी आपला प्रोग्रॅम पाठवला. २७ जून २०१७ रोजी, युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी, तो सुटला. ग्राहकाने काहीही चुकीचे केले नव्हते. उलट ‘सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा’ हा सल्ला त्याने पाळला होता.

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या ओडेसा येथील कार्यालयात एका संगणकावर हे सॉफ्टवेअर होते. तेवढे पुरले. नॉटपेट्या दोन प्रकारे पसरत असे. विंडोजमधील एका जुन्या उणिवेतून तो दुरुस्ती न केलेल्या यंत्रांत शिरे, आणि ज्या यंत्रांची दुरुस्ती झालेली होती तिथे तो आधीच्या यंत्राच्या स्मृतीतून उचललेला पासवर्ड वापरून राजरोस दाराने जाई. मर्स्कचे जाळे जगभर एकसंध होते. ओडेसातून निघालेली आग कोपनहेगनला गेली, तिथून जगभरच्या टर्मिनलांत गेली, आणि मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडे चालवायला असलेले न्हावा-शेव्यातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे त्यांपैकीच एक. कंटेनर जागच्या जागी होते, क्रेनही शाबूत होत्या. कोणता कंटेनर कोणाचा, तो कुठे रचलेला आहे आणि कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारे संगणक मात्र कोरे झाले होते.

प्रत्येक कर्मचाऱ्याला कुठे प्रवेश आहे याचे दप्तर ठेवणारे मर्स्कचे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते, आणि ते एकमेकांची प्रत म्हणून काम करत. एक गेला तर दुसरा आहे, ही त्यांची सुरक्षितता. सगळे एकदम जातील असा विचार झालेला नव्हता, आणि ते सगळे गेले. फक्त घानामधला एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. त्याच्यावरची माहिती हार्ड डिस्कवर घेऊन माणसे विमानाने इंग्लंडला पोहोचली, तेव्हा पुनर्बांधणी सुरू झाली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

आपल्याकडेही हे घडू शकते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या, अनेक सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक-सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहितीला कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला, तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तोडले आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार अडले. त्या बँकांच्या कार्यालयांत काहीही बिघडलेले नव्हते.

आपल्या चार सॉफ्टवेअरांविषयी मी असे सुचवेन. ज्या संगणकावर हिशोबाचे सॉफ्टवेअर आहे, त्यावर रोजचे काम ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून करू नका, साधे खाते वापरा. तोच पासवर्ड दुसऱ्या यंत्रावर ठेवू नका. जीपीएसवाल्या कंपनीला गाड्यांची जागा कळायला हवी, कार्यालयाच्या फायली तिला दिसण्याचे कारण नाही. आठवड्यातून दोनदा सगळ्याची प्रत एका हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. घानाच्या सर्व्हरला जे वीज गेल्यामुळे मिळाले, ते आपल्याला केबल काढून मिळते.

प्रश्न : लातूर जिल्ह्यात आमचे तीस खाटांचे रुग्णालय आहे. मागच्या महिन्यात स्वागतकक्षातील मुलीने मेलमधून आलेली ‘रिपोर्ट’ नावाची फाइल उघडली आणि बिलिंगचा संगणक लॉक झाला. सुदैवाने बाकी वाचले. सहकारी डॉक्टर म्हणतात, तिला कामावरून काढावे. सीटी स्कॅनचा संगणकही त्याच जाळ्यात आहे, आणि त्याचे विंडोज जुने असूनही उत्पादक ते बदलू देत नाही.

उत्तर : तिला काढू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दिवसभर आलेले रिपोर्ट, विम्याची कागदपत्रे, रुग्णांच्या नातेवाइकांचे मेल उघडणे हेच तिचे काम आहे. दिवसाला पन्नास फायली उघडणाऱ्या माणसाकडून एकही चुकीची उघडली जाणार नाही, या अपेक्षेवर रुग्णालयाची सुरक्षा उभी असेल, तर दोष त्या उभारणीचा आहे. तिला काढलेत, तर पुढच्या वेळी चूक करणारा माणूस ती लपवेल, आणि लपवलेला एक तास फार महाग पडतो. तिने लगेच सांगितले म्हणून कदाचित बाकीचे वाचले असेल. तसे असेल तर तिचे आभार माना.

खरा प्रश्न आपण शेवटी लिहिलेला आहे : बिलिंग आणि सीटी एकाच जाळ्यात का? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये रॅन्समवेअर शिरले आणि जवळपास दोन आठवडे नोंदणीपासून रिपोर्टपर्यंत सगळे कागदावर करावे लागले. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहितीला कुलूप बसले, आणि जाळ्याचे भाग नीट वेगळे केलेले नसणे हे प्राथमिक तपासात त्याचे कारण दिसले. ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या प्रणालीची माहिती परत मिळाली, कारण प्रत ठेवणारा एक सर्व्हर या हल्ल्यातून सुटला होता.

जुन्या विंडोजच्या बाबतीत ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा अनुभव आहे. १२ मे २०१७ रोजी आलेल्या ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने इंग्लंडमधील एक तृतीयांशाहून अधिक आरोग्य-ट्रस्टांचे काम विस्कळीत केले, हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. ज्या उणिवेतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला उपलब्ध करून दिली होती. जवळजवळ दोन महिने ती यंत्रांवर चढवली गेली नव्हती.

आपल्या सीटीला दुरुस्ती चढवता येत नाही, हे मान्य. मग त्याला एकटे ठेवा. त्याचे जाळे वेगळे करा, त्यातून फक्त प्रतिमा साठवणाऱ्या सर्व्हरपर्यंत जाता येईल असे करा, त्याच्यावर इंटरनेट आणि मेल अजिबात नको. उत्पादकाच्या अभियंत्याला दूरवरून प्रवेश हवा असेल, तर त्याने फोन करावा, आपण तो तेवढ्यापुरता सुरू करावा. आणि झालेल्या घटनेची माहिती सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला अवश्य कळवा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे.

प्रश्न : मी नाशिकला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रणेवर हल्ला होऊच शकत नाही, असे आमच्या वर्गात ठामपणे सांगितले गेले. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाची यंत्रणा इंटरनेटपासून तोडलेली होती. २०१० मध्ये उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ हा घातक प्रोग्रॅम यूएसबी ड्राइव्हवरूनही पसरू शकत असे. तो सीमेन्सच्या नियंत्रकांपर्यंत पोहोचला, त्याने सेंट्रिफ्यूजचा, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या फिरत्या यंत्रांचा, वेग बिघडवला आणि पडद्यावर मात्र सगळे सुरळीत असल्याचे आकडे दाखवले. तारेने जोडलेले नाही याचा अर्थ माणसाने जोडलेले नाही, असा होत नाही. दुरुस्तीला येणारा तंत्रज्ञ आपला लॅपटॉप घेऊनच येतो.

तरीही तोडून ठेवण्याचा उपयोग मोठा आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्या देशातलेच आहे. ३० ऑक्टोबर २०१९ रोजी भारतीय अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले की, कुडनकुलम प्रकल्पाच्या प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटशी जोडलेल्या एका संगणकात मालवेअर सापडले होते. प्रकल्पाचे नियंत्रण करणारे जाळे त्यापासून वेगळे असल्यामुळे त्याला बाधा पोहोचली नाही. परीक्षेत उत्तर लिहिताना ‘अशक्य’ऐवजी ‘फार अवघड’ असे लिहा, आणि ती अवघड वाट कोणत्या माणसांच्या हातून जाते तेही लिहा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते, आई-वडील रत्नागिरीत. वडिलांना व्हॉट्सॲपवर ‘गाडीचे चलन’ म्हणून फाइल आली, त्यांनी ती उघडली, आणि त्या रात्री खात्यातून पैसे गेले. ओटीपी कोणालाच सांगितला नव्हता, असे ते शपथेवर सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : अवश्य ठेवा. ते खरेच सांगत असणार.

ती फाइल कागद नव्हती, ॲप होते. अँड्रॉइड फोनवर अशा फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती उघडली की फोन विचारतो, ‘अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप चढवू का?’ मग ते ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. दोन्ही वेळा ‘हो’ दाबले गेले की पुढचे सगळे ओटीपी ते ॲप परस्पर चोराकडे पाठवते. बँकेने वर्षानुवर्षे ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ असे शिकवले, वडिलांनी ते पाळले, आणि चोराने सांगण्याची गरजच काढून टाकली. चलनाच्या जागी कधी लग्नपत्रिका असते, कधी पीएम किसानचा हप्ता, कधी वीज तोडण्याची सूचना.

पुढच्या वेळी घरी याल तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपला ‘अनोळखी ॲप चढवण्याची’ जी परवानगी असते ती बंद करा आणि प्ले प्रोटेक्ट ही ॲप तपासणारी गूगलची सोय चालू असल्याची खात्री करा. यूपीआय ज्या खात्याला जोडले आहे त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा, पेन्शनचे आणि ठेवींचे खाते त्या फोनवर नको. मुलीने वर्षातून एकदा येऊन केलेली ही अर्ध्या तासाची मांडणी आई-वडिलांना दिलेल्या शंभर सूचनांपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे मी पाहिले आहे.

आत्ता मात्र वेळ घालवू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत-क्रमांकावर अजून तक्रार झालेली नसेल, तर जवळच्या कोणा नातेवाइकाला लगेच घरी पाठवून दुसऱ्या फोनवरून ती नोंदवायला सांगा. पैसे चोराच्या हाती पडण्याआधी मधल्या खात्यांत गोठवता येतात, पण त्यासाठी तक्रार लवकर व्हावी लागते. बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. पोलिसांसाठी त्या निरोपाचे आणि ॲपच्या नावाचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, मग वडिलांचा फोन पूर्ण रीसेट करून घ्या. तोवर त्या फोनचा डेटा आणि वायफाय बंद राहू द्या, आणि बँकेचा पासवर्ड बदलायचा असेल तर तो दुसऱ्या यंत्रावरून बदला.